खोलीतली बाई माझ्यावर का रागावली होती

जानेवारी २०२५ मध्ये मी दहा दिवसांचं विपश्यना शिबिर, म्हणजे मौन पाळून ध्यान शिकायचं शिबिर, करून आले. तेव्हापासून शाळेतल्या, बचत गटातल्या, नात्यातल्या बायका मला एकच विचारतात, "मॅडम, खरंच दहा दिवस बोलल्या नाही का वो तुम्ही?" प्रत्येकीला तुकड्यातुकड्यात सांगितलं. कुणाला गुडघ्यांचं, कुणाला रजेचं, कुणाला जेवणाचं. जे खरं सांगायचं होतं, की त्या मौनात माझ्याच मनातली एक जुनी समजूत मला कशी दिसली, ते बहुतेक वेळा राहूनच गेलं. म्हणून एकदा सलग लिहिते.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत शिकवते. वय त्रेचाळीस. घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. ध्यानधारणेचा वारा मला कधी लागला नव्हता. गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, खंजिरी वाजते, तिथे जाऊन बसायचं, एवढंच. मी बोलकी बाई. आधी मतदार यादीचं काम, मग विधानसभेची निवडणूक, मग कुणाच्या बदलीच्या निरोपाचं सूत्रसंचालन. कुणी काही सांगितलं की मी "हो सर" म्हणून मोकळी. रात्री मात्र झोप नाही. अमुक सरांनी आज नमस्काराला मान हलवली नाही, अमुक बाईने मेसेज पाहिला पण उत्तर दिलं नाही, हेच डोक्यात फिरत राहायचं. शेजारच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने हे शिबिर दोनदा केलं होतं. ती म्हणाली, "तुमचं तोंड थांबते, डोकं थांबत नाही. एकदा जाऊन पाहा."

२० ऑक्टोबरला संकेतस्थळावर अर्ज भरला. अर्ज लांबलचक आहे. आजार, चालू औषधं, मानसिक आजाराचा इतिहास, व्यसन, आधी केलेल्या साधना, सगळं विचारतात. मी थायरॉइडची गोळी लिहिली. काहीही लपवू नका. ज्यांना गंभीर मानसिक त्रास आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी तर आधी डॉक्टरांशी बोलावं आणि मगच अर्जाकडे वळावं. दहा दिवस डोळे मिटून बसणं वाटतं तेवढं साधं नाही.

नोव्हेंबरचं शिबिर मला शक्यच नव्हतं, २० तारखेला मतदान होतं. जानेवारीसाठी आधी प्रतीक्षा यादीत नाव आलं, ११ डिसेंबरला जागा पक्की झाल्याचा ईमेल आला. तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. शिबिराच्या थोडं आधी "तुम्ही नक्की येणार ना" असं विचारणारा आणखी एक ईमेल येतो, त्याला उत्तर दिलं नाही तर जागा दुसऱ्याला जाते. माझा तो ईमेल नको त्या फोल्डरमध्ये जाऊन पडला होता. मुलाने शोधून दिला म्हणून वाचले.

आता रजा. राज्य शासन कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी १४ दिवसांची परिवर्तित रजा देतं. हे मला माहीत होतं, पण ज्या टेबलावर अर्ज गेला तिथे माहीत नव्हतं. पहिल्यांदा अर्ज परत आला, कारण शासन निर्णयाची प्रत जोडली नव्हती. दुसऱ्यांदा परत आला, कारण केंद्राचं प्रवेशपत्र जोडलं नव्हतं. तिसऱ्यांदा लिपिक म्हणाले, "मॅडम, हे अर्धपगारीतून दुप्पट वजा होईल. अठ्ठावीस दिवस जातील तुमचे. गप्प बसाले एवढे दिवस?" मी हसून "हो सर" म्हटलं. मुद्दाम सांगते, कारण तेव्हाही घरी येताना मला वाटत होतं की त्यांना माझा राग आला. मंजुरीचं पत्र ६ जानेवारीला हातात पडलं, निघायच्या दोन दिवस आधी. तुम्ही नोकरीत असाल तर जागा पक्की होताच अर्ज द्या, सगळ्या प्रती एकदमच जोडा, आणि शिबिर संपताना हजेरीचं प्रमाणपत्र मागून घ्या. ते न मागताच निघून आलेल्यांना नंतर पत्रव्यवहार करत बसावं लागतं.

घरचे हसले. नवरा म्हणाला, "दहा दिवस? तू? तिसऱ्या दिवशी फोन येते पाय तुह्या." सासूबाईंना काळजी वेगळीच, तूर सोंगायला आली होती आणि कापसाची शेवटची वेचणी बाकी. मी मजुरांचे पैसे मोजून ठेवले, मुलाचे डबे नणंदेकडे लावले आणि ८ जानेवारीला, बुधवारी, सकाळी निघाले. जामच्या चौरस्त्यावरून नागपूरची एसटी, बायकांना अर्धं तिकीट, तिथून ऑटो. ऑटोवाल्याने २५० घेतले, दोघी मिळून गेलात तर निम्मे पडतील. शिबिराला फी नाही. राहणं, जेवण सगळं आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानातून चालतं. माझा खर्च झाला तो मच्छरदाणी, टॉर्च, कुलूप आणि एका जाड शालीचा, सगळं मिळून बाराशेच्या आसपास. शाल घ्याच. जानेवारीत पहाटे चारला विदर्भातली थंडी काय असते ते आपल्याला रजईतून कळत नाही.

पोचल्यावर मोबाइल, पुस्तकं, वही, पेन सगळं जमा करतात. पेन देताना मला मोबाइलपेक्षा जास्त जड गेलं. घरी सांगून ठेवा की अडचण आली तर केंद्राच्या नंबरवर फोन करा, निरोप मिळतो. पुरुषांची आणि बायकांची राहायची सोय वेगळी. संध्याकाळी नियम सांगितले आणि आर्य मौन सुरू झालं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. व्यवस्थापनाशी गरजेपुरतं आणि दुपारी आचार्यांशी साधनेबद्दल बोलता येतं.

चारला घंटा, साडेचार ते साडेसहा बैठक, नाश्ता, पुन्हा बैठक, अकराला जेवण, एकपासून पाचपर्यंत बैठका, पाचला चहा आणि थोडं खायला, सहाला बैठक, सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. ही साधना शिकवणारे गोयंका गुरुजी २०१३ मध्ये गेले, पण शिबिर अजून त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजावर चालतं. ब्रह्मदेशात ते ही साधना शिकले आणि १९६९ मध्ये भारतात घेऊन आले. पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा. नाकपुडीच्या तोंडाशी येणारा आणि जाणारा. श्वास बदलायचा नाही, मोजायचा नाही, मनात मंत्र घ्यायचा नाही. पहिल्या दिवशी मी सलग चार श्वाससुद्धा पाहू शकले नाही. पाचव्या श्वासाला मी पंचायत समितीत असायची.

माझ्या खोलीत एक साठीच्या बाई होत्या. पहिल्या संध्याकाळी, मौन लागायच्या आधी, मी दोनदा काहीतरी विचारलं, त्यांनी तुटक उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बादली जरा जोरात ठेवली. माझ्या बाजूची खिडकी लावून घेतली. रात्री माझ्याकडे पाठ करून झोपल्या. मी आठवत बसले: माझी चप्पल त्यांच्या चपलेवर होती का? मी घोरते का? टॉर्चचा उजेड डोळ्यावर गेला का? तिसऱ्या दिवशी मी पहाटे त्यांच्या आधी उठून त्यांच्यासाठी गरम पाण्याची बादली भरून ठेवली. त्यांनी ती वापरली, पण माझ्याकडे बघितलं नाही. मला रडू आलं.

त्या दुपारी मी आचार्यांकडे गेले. समोर जमिनीवर बसायचं, प्रत्येकीला पाचेक मिनिटं. मी म्हटलं, "खोली बदलून मिळेल का? माझ्या खोलीतल्या बाई माझ्यावर रागावल्या आहेत."

त्या म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हटलं, "त्या माझ्याशी बोलत नाहीत."

बोलून झाल्यावर माझं वाक्य मलाच ऐकू आलं. दीडशे माणसं तीन दिवस कुणीच कुणाशी बोलत नव्हती, आणि मी तक्रार घेऊन आले होते की एक बाई बोलत नाही. आचार्य हसल्या नाहीत, नुसतं "श्वासावर काम करा" म्हणाल्या. मला मात्र बाहेर येऊन लिंबाखाली हसू आवरेना. हसणंसुद्धा मौनात बसत नाही बहुतेक. तोंडावर पदर धरला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मनात दडलेल्या समजुती शोधून काढा, असं शिबिरात कुणी सांगत नाही. उलट सांगतात की मनात गोष्ट आली तर तिच्या मागे धावू नका, परत श्वासावर या, संवेदनेवर या. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंगावर जे जाणवतं ते पाहत जायचं. खाज, जडपणा, गरमी, मुंग्या, काहीही. त्यानंतर रोज तीन वेळा एक-एक तास हात, पाय आणि डोळे न उघडता बसायचं. त्याला अधिष्ठान म्हणतात. माझे गुडघे पाचव्या दिवशी असे पेटले की डोळ्यांतून पाणी आलं. तिथे जास्तीच्या उशा मिळतात, वय किंवा दुखणं असेल तर खुर्चीही मिळते. मागायला लाजू नका. मी तीन दिवस लाजले.

म्हणजे समजूत शोधायला मी गेले नव्हते आणि शोधूही नाही. दहा दिवस बोलणं बंद असलं की रोज ज्या आवाजाखाली ती झाकली जाते, तो आवाजच नसतो. मग ती उघडी पडते.

सहावा दिवस १४ जानेवारी होता, संक्रांत. मला ते सकाळी आठवलंच नव्हतं. अकराला जेवणाच्या रांगेत ताटात तिळाचा लाडू पडला. वाढणारी सेविका तरुण होती. तिने लाडू ठेवला, नजर खाली, आणि पुढच्या ताटाकडे वळली. वर्षभरात एकच दिवस असा, ज्या दिवशी परक्यालाही आपण "गोड बोला" म्हणतो, आणि त्या दिवशी कुणीच काही म्हणायचं नव्हतं.

मी ताट घेऊन बसले आणि घशात गोळा आला. एरवी मी तो गिळून टाकते, लगेच कुणाशी तरी बोलायला लागते. इथे सोय नव्हती. दोन दिवस अंग पाहायची सवय लागलेली, म्हणून गोळा पाहिला. घशाच्या मध्यभागी, बोराएवढा, थोडा गरम. त्याच्या मागोमाग एक वाक्य आलं, "म्या काय केलं?"

शिक्षिका झाल्यापासून मी "म्या" म्हणत नाही. डीएडला असताना मुलींनी चिडवलं तेव्हाच सोडलं. हे वाक्य त्रेचाळीस वर्षांच्या बाईचं नव्हतंच. ते दहा-अकरा वर्षांच्या पोरीचं होतं.

माझे वडील अबोला धरायचे. मारलं नाही, शिवी दिली नाही, पण गप्प झाले की पंधरा पंधरा दिवस. एकदा माझ्या हातून कंदिलाची काच फुटली. त्याच सुमारास ते गप्प झाले. जवळपास महिनाभर. मी रोज त्यांच्या पाण्याचा तांब्या घासायची, बैलांचं शेण काढायची, न सांगता. आणि मनात तेच, म्या काय केलं, म्या काच फोडली. मला मोठं झाल्यावर कळलं की त्या वर्षी कापसाचे चुकारे अडकले होते. तेव्हा महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी होती, कापूस सरकारलाच घालायचा, आणि पैसे कधी येतील याचा नेम नसायचा. वडिलांच्या डोक्यात सोसायटीचं कर्ज होतं. कंदिलाची काच त्यांना दिसलीसुद्धा नसेल. हे मला माहीत होतं, पंचवीस वर्षं माहीत होतं. पण गोळ्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

(परत आल्यावर मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "काच तू नाही, तुह्या दादानं फोडली होती." आता यावर मी काय म्हणू.)

त्या दिवसानंतर काही दिव्य घडलं नाही. सातव्या दिवशी मला फक्त भजी दिसत होती. आठव्या दिवशी एक तास हलले नाही आणि त्याचा इतका गर्व झाला की पुढचा तास वाया गेला. दहाव्या दिवशी सकाळी मैत्रीभावनेची साधना झाली आणि मौन सुटलं. सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या, चिमण्यांचा थवा उतरावा तसा कालवा. खोलीतल्या बाई भेटल्या. गोंदियाकडच्या होत्या. सुनेचे दिवस भरत आले होते, निरोप येईल का याकडेच दहा दिवस कान. मी विचारलं, "पाणी भरून ठेवायची ते चालायचं ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "ते तुम्ही भरायच्या होय? मला वाटलं इथली सोय आहे. खरं सांगू का, तुमच्याकडं माझं ध्यानच नव्हतं." खरं सांगते, जरा लागलं मला.

दान शेवटी, ऐच्छिक, पावती मिळते. किती दिलं ते विचारू नका, मीही तुम्हाला विचारणार नाही. १९ तारखेला, रविवारी, सकाळी साडेसातला बाहेर पडले. रस्त्यावरच्या हॉर्नने छाती दचकत होती. त्या दिवशी लांबचा प्रवास, लग्न, मीटिंग काही ठेवू नका.

रोज सकाळ-संध्याकाळ एक-एक तास बसायला सांगतात. मी बसते, पण सकाळी अर्धा तास, संध्याकाळी कधी बसते कधी नाही. त्याऐवजी मी आपल्या मनाने एक केलं, ते शिबिरात शिकवत नाहीत. एक शाळेची जुनी वही घेतली. घशात गोळा आला की त्या रात्री लिहायचं: काय झालं, अंगात कुठे जाणवलं, आणि कोणतं वाक्य आलं. वाक्य जसं आलं तसंच, सुधारून नाही. फेब्रुवारी संपेपर्यंत २६ नोंदी झाल्या. त्यातल्या १७ मध्ये वाक्य एकच, थोड्या फरकाने. मुख्याध्यापकांनी मेसेज वाचला, उत्तर नाही: "राग आला." सासूबाई जेवताना बोलल्या नाहीत: "राग आला." आमच्या शाळांचे केंद्रप्रमुख गाडीवरून थेट गेले: "म्या काय केलं." वाक्य लिहिलं की लगेच खोटं ठरवायची घाई करू नका. मी सुरुवातीला खाली उत्तर लिहायची, "पण त्यांना काम असेल", आणि गोळा तिथेच राहायचा. नुसतं लिहून, दोन मिनिटं गोळा पाहून, वही बंद केली की बहुतेक वेळा तो विरघळतो. काही वेळा नाही विरघळत.

वहीत एक नाव पाच वेळा आलं. तिसरीतला एक मुलगा. तो वर्गात बोलत नाही. मी त्याच्या आईला दोनदा बोलावून सांगितलं होतं, याला काहीतरी आहे. रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहून, "काय रे, रुसला का मॅडमवर?" हा माझा प्रश्न. वहीत पाचव्यांदा लिहिताना दिसलं की हा प्रश्न मी त्याला विचारतच नव्हते. आता विचारत नाही. त्याचं पुढे काही झालं नाही, तो अजूनही बोलत नाही. पाढे लिहून दाखवतो, चित्रं छान काढतो, डबा संपवतो.

नवऱ्याचंही तसंच. फेब्रुवारीत ते तीन दिवस गप्प होते. पूर्वी मी चौथ्या दिवशी पाटोड्याची भाजी करून, भोवती भोवती फिरून विचारलं असतं. या वेळी सरळ विचारलं, काय चाललंय. म्हणाले, "सीसीआयचा (सरकारी कापूस महामंडळाचा) भाव साडेसात हजार, पण ओल धरतात अन् नंबर लागत नाही. व्यापारी सात हजारानं आजच नेतो म्हणते. त्याचं गणित करून राहिलो. काहून?" मी म्हटलं, काही नाही.

महाशिवरात्रीला माहेरी गेले. वडील आता चौऱ्याहत्तरचे आहेत, ऐकू कमी येतं. ओट्यावर खाट टाकून बसलेले. दरवर्षी मी गेले की तासभर बोलत सुटते, शाळेचं, नातवाचं, गावाचं, आणि ते हुं हुं करतात. या वेळी खाटेच्या कडेला बसले आणि काही बोलले नाही. समोर हरभऱ्याचं शेत, वर पोपट. घशात गोळा आला. तोही बसला, मीही बसले. अर्धा तास गेला असेल.

वडिलांनी दोन-तीनदा माझ्याकडे पाहिलं. पंच्याच्या टोकाने तोंड पुसलं. मग हळूच म्हणाले, "काहून वो बाई, आज बोलून नाही राहिली? माह्यावर राग आला का?"